रंगाचे पैसे

तिसरीच्या वर्गाची मागची भिंत चार वर्षं फाटत चालली होती आणि मोठ्या बाई चार वर्षं अर्ज करत होत्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. अंगाने बुटक्या, पण मुलांच्या लेखी मोठ्याच. पहिल्या वर्षी भेगेत पोस्टकार्ड जायचं. चौथ्या वर्षी बाईंची चार बोटं आत जायला लागली, तेही त्यांनी अर्जात लिहून टाकलं. दर वेळी वाटाण्याच्या अक्षता.

वर्षअखेरीला नऊ दिवस उरले असताना शिक्षण कार्यालयातल्या कारकुनाचा फोन आला. निधी मंजूर झाला होता. बाईंचा जीव भांड्यात पडला, पण तो जेमतेम अर्धं मिनिट, कारण पैसे रंगरंगोटीसाठी होते.

"अहो, मी भिंत मागितली होती," बाई म्हणाल्या.

"दुरुस्तीचं हेड यंदा रिकामं आहे. रंगाच्या हेडमध्ये शिल्लक होती, म्हणून तुमचा अर्ज मीच तिकडे सरकवला. नाहीतर हेही मिळालं नसतं."

"मग यातूनच भिंत बांधून घेते."

"रंगाचे पैसे रंगालाच, बाई. आणि नऊ दिवसांत संपले नाहीत तर परत जातील. वर पुढच्या वर्षी तेवढी कपात. शिल्लक राहिली म्हणजे गरज नव्हती, असं धरतात."

कारकून माणूस वाईट नव्हता. राज्याच्या तिजोरीत पैसा नसतो असंही नाही. तो फोडणीच्या डब्यातल्यासारखा वाट्यावाट्यांत असतो, आणि एका वाटीतला चमचा दुसरीत गेला की घरात भांडण होतं. बाईंनी दोन दिवस चडफडण्यात घालवले आणि तिसऱ्या दिवशी रंग मागवला.

रंगाऱ्याची मजुरी काही मंजुरीत नव्हती. ते काम शाळेच्या शिपायाने अंगावर घेतलं. त्याला मुलं मामा म्हणत, म्हणून बाईही मामा म्हणत. निवृत्तीला अकरा महिने उरलेला, काडीसारखा माणूस, पण हातात काम घेतलं की नीटच करायचा. त्याने भेगेत विटांचे तुकडे ठोकले, सिमेंट भरलं, वरून पुट्टी ओढली, ती पॉलिशपेपरने घासली आणि पिवळ्या रंगाचे दोन हात दिले.

"आता शोधून दाखवा, बाई," मामा म्हणाला.

बाईंनी भिंतीवरून तळवा फिरवला. भेग खरंच सापडेना. "शाब्बास, मामा," त्या म्हणाल्या. निदान मुलांच्या वह्यांवर माती तरी पडणार नाही, असं त्यांच्या मनात आलं.

मग कागद आले. पैसे योग्य कामी लागले, असं मुख्याध्यापकांनी लिहून द्यायचं प्रमाणपत्र. त्याच्या तळाशी एक छापील ओळ होती: खोली सुस्थितीत असून विद्यार्थ्यांच्या बैठकीस योग्य आहे. बाईंचं पेन तिथे अडलं. छापील मजकुरात खाडाखोड केली की कागद परत येतो आणि पुढचा हप्ता अडकतो, हे त्यांना अनुभवाने पाठ होतं. त्यांनी सही ठोकली. वर चकचकीत भिंतीचे तीन फोटोही जोडले.

तीन महिन्यांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, दुरुस्तीच्या हेडमध्ये पैसे आले आणि धोकादायक खोल्या पाहायला अभियंता दारात उभा राहिला.

"भेग कुठाय?" त्याने विचारलं.

बाईंनी जागा दाखवली. त्याने पेनाच्या मागच्या टोकाने टकटक केलं, दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं.

"मला तर काही दिसत नाही."

"रंगाखाली आहे. खरवडून बघा ना."

"नुकताच लावलेला सरकारी रंग? त्याची वसुली तुमच्याकडून निघेल, बाई." त्याने फाइल उघडून त्यांच्यापुढे धरली. "आणि ही सही तुमचीच ना? सुस्थितीत म्हणून?"

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. "माझीच," त्या म्हणाल्या. अभियंता चहासुद्धा न घेता गेला.

त्याच दुपारी बाईंनी तिसरीची मुलं व्हरांड्यात बसवली. मुलं खूश झाली. महिन्याभरात कार्यालयाचं पत्र आलं. अहवालानुसार खोली उत्तम आहे. सोमवारपासून वर्ग आत भरवावा, अन्यथा खोली जादा धरली जाईल, आणि जादा खोलीमागे एक शिक्षक कमी होईल. शाळेत शिक्षक होते तीन. बाईंनी ते पत्र शनिवारी दुपारी मामाला वाचून दाखवलं. शाळा सुटून बाकी सगळे घरी गेले होते; दुसरं वाचून दाखवायला होतं कोण?

"एकतीस पोरं आहेत तिसरीत," बाई म्हणाल्या. "मी नाही त्यांना तिथे बसवायची."

मामाने पत्राची घडी घालून ते टेबलावर ठेवलं. "मी झाकलीय, मीच उघडतो. उद्या सुट्टी आहे. भरलेलं सगळं काढतो, तुम्ही फोटो काढा आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर आपटा."

"त्या भिंतीला हात लावायचा म्हणजे..."

"वरवर हो. छन्नीनेच."

बाईंनी ड्रॉवरमधून किल्ली काढून त्याला दिली. "वरवरच," त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी शाळेशेजारची शिंपीण बाईंच्या घरी धावत आली. भिंत बाहेर पडली नव्हती, आत पडली होती. बाकांची पहिली रांग तेवढी उभी होती. मामाला बाहेर काढायला चौघांना तासभर लागला आणि तोवर घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बाई पिवळ्या ढेकळांत उभ्या होत्या. त्यांना रडू येत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

दहा दिवसांनी कारकून स्वतः भरपाईचा अर्ज घेऊन शाळेत आला. मामाची बायको, मामी, बाईंच्या टेबलापुढच्या खुर्चीवर बसली होती. अर्जात एक रकाना होता: घटनेपूर्वी भिंतीची स्थिती.

कारकून बाईंना दाराशी घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "सुस्थितीत लिहिलं तर तुम्ही वाचता. पण मग शिपायाने चांगली भिंत फोडली असं होईल, यांना दमडी मिळणार नाही. धोकादायक लिहिलं तर यांना मिळेल, पण तुमचं प्रमाणपत्र खोटं ठरेल. नोकरी जाईल, पेन्शनही." तो घुटमळला. "भिंतीची काळजी नको. पडलेल्या भिंतीचं हेड वेगळं आहे. त्यात शिल्लक आहे."

बाई येऊन खुर्चीवर बसल्या आणि रकान्यात त्यांनी लिहिलं: धोकादायक. मला माहीत होतं.

मामीला वाचता येत होतं. उलट्या बाजूने तिने ती अक्षरं सावकाश लावली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि किल्ली?"

"मीच दिली."

मामीने पदराने तोंड पुसलं. ती ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

"रंग झाला त्या दिवशी ते घरी आले तेव्हा हातपायही धुतले नव्हते," मामी म्हणाली. "म्हणाले, आज मोठ्या बाई मला शाब्बास म्हणाल्या. दोनदा सांगितलं. जेवताना परत एकदा."

कारकुनाने सहीची जागा दाखवली. बाईंनी सही केली.