तिसऱ्या मजल्यावरचा डिशवॉशर

रविवारी सकाळी श्यामकांतरावांनी डिशवॉशरचं दार उघडलं. तळाशी चार बोटं गढूळ पाणी उभं होतं. वर आमटीचा तवंग, त्यात कढीपत्त्याचं एक पान तरंगत होतं. यंत्र फिरायचं तेवढं फिरलं होतं, पाणी मात्र बाहेर पडलंच नव्हतं. आणि दुपारी जेवायला ऋता येणार होती.

ऋता त्यांची मुलगी, ठाण्यात राहणारी. कात्रपमधल्या या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आईबाबा एकटे राहतात हे तिला मुळीच पसंत नव्हतं. आईचे, पद्मजाबाईंचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ओट्याशी उभं राहून भांडी घासणं जमत नाही, जिना उतरणं तर लांबच. सोनिवलीहून कामाला येणाऱ्या बकुळाबाई लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या गेल्याच. तेव्हा दिवाळीत ऋतानं हे यंत्र आणून बसवलं आणि बजावलं, की याच्यावर घर चाललं तर राहा, नाही तर गुढीपाडव्याला दोघांना ठाण्याला नेणार, मग कुरकुर ऐकायची नाही. श्यामकांतराव तेव्हा म्हणाले होते, "आम्ही इथं मजेत आहोत." पाडवा आता तोंडावर आला होता.

ठाण्याच्या घरी पुस्तकांना एक कपाट मिळणार होतं. इथं भिंतीच्या भिंती भरलेल्या. पण नुसती पुस्तकांचीच गोष्ट नव्हती. जावयाच्या घरात न्हाणीघर किती वेळ अडवावं, चहा दुसऱ्यांदा मागावा की मागू नये, या विचारानंच ते अर्धमेले होत.

जन्मात त्यांनी पाना-पक्कड हातात धरली नव्हती. पण छापील मजकुरावर त्यांची श्रद्धा होती, म्हणून यंत्रासोबत आलेली पुस्तिका घेऊन ते जमिनीवर बसले. खालची जाळी काढून धुवा, असं पहिल्यांदा लिहिलं होतं. फुलपात्रानं पाणी उपसलं तेव्हा कुठे जाळी दिसली. तिच्यात शेवग्याच्या शेंगेचा चोथा आणि भाताची शितं होती. चोर सापडला असं मनाशी म्हणत त्यांनी जाळी घासली, बसवली, बटण दाबलं. यंत्रानं पाणी घेतलं, घुरघुरलं, कण्हलं. आत घेतलेलं पाणी पुन्हा तिथंच उभं. पंपाशी काही अडकलंय का ते पाहा, असं पुढे होतं. हाताला काही लागलं नाही, बोट मात्र कापलं.

उल्हासनगरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "अंकल, आज संडे है. कल भेजता हूँ आदमी." उद्याचा काय उपयोग होता? तेवढ्यात ऋताचा फोन आला. अंबरनाथ सोडलंय, पोहोचतेच, म्हणाली. ठणठणीत आवाज काढत त्यांनी सगळं उत्तम चाललंय म्हणून सांगितलं.

पद्मजाबाई खिडकीतल्या खुर्चीत बसून हे बघत होत्या. "पुस्तक वाचून पोहायला येतं का हो कुणाला?" त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, हळू आवाजात, "राहू द्या ना. नाही तर नाही."

पण श्यामकांतराव इरेला पेटले होते. पुस्तिकेच्या शेवटाकडे एक ओळ होती: पाणी सोडणारी नळी फार उंचावर नेऊ नये, पंपाला तेवढं पाणी चढवता येत नाही. ते उठून मागच्या गॅलरीत गेले. तिथं मोरी. वाळत घातलेलं लुगडं बाजूला सारलं तर नळी मोरीत नव्हतीच. डोक्याच्याही वर, गजाला, जुन्या साडीच्या काठानं घट्ट बांधलेली होती आणि तिचं तोंड तिथून खाली लोंबत होतं. त्यांनी गाठ सोडली, नळी मोरीत आणून ठेवली, आत जाऊन बटण दाबलं. भसाभस पाणी वाहिल्याचा आवाज आला.

"अगं, झालं. नळी वर बांधली होती कुणीतरी."

"मीच बांधली. परवा, भिंत धरून धरून गेले," पद्मजाबाई म्हणाल्या. "मोरीत लोळत होती. तिथं आपण चपला धुतो, फरशीचं फडकं पिळतो. आणि नैवेद्याचं ताट त्याच यंत्रात. मला ते बघवेना."

"मग मी सकाळपासून धडपडतोय तेव्हा बोलली का नाहीस? आठवलं नाही?"

"आठवलं होतं."

श्यामकांतरावांनी ओला हात पुसायला फडकं उचललं.

"मुद्दाम नव्हती हो बांधली. बांधली ती सोवळ्यापायी. पण यंत्र अडलं तेव्हा वाटलं, आता जायला मिळेल. ऋताकडे लिफ्ट आहे. खाली बाग आहे, बायका बसतात." त्यांनी पदरानं उगाच खिडकीचा गज पुसला. "गणपतीपासून मी खाली उतरलेले नाही. तुम्ही वाचनालयात जाऊन येता. मी इथून लोकांची डोकी बघते."

दिवाळीत 'आम्ही' म्हणताना त्यांनी हिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ही तेव्हा लाडू वाढत होती.

बेल वाजली. ऋता आली ती थेट स्वयंपाकघरात. यंत्रावर हात ठेवून म्हणाली, "चालतंय की छान. जिंकलात बाबा. राहा आता इथंच."

पद्मजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे बघून मगच बोलायची जन्माची सवय. श्यामकांतरावांना कळलं, आपण समोर असलो तर ही पुन्हा लाडूच वाढेल.

"यंत्राचं राहू दे," ते चाचरत म्हणाले. "आईला काय हवंय ते तिला विचार." आणि पटकन गॅलरीत निघून गेले.

गॅलरीतून बाहेर जायला दुसरी वाट नव्हती. खाली रस्ता, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. आतून पद्मजाबाईंचा आवाज आला, अगदी स्पष्ट: "मी येते तुझ्याकडे. यांचं यांनी ठरवावं."

त्यापुढे मायलेकींचं बोलणं बराच वेळ चाललं होतं. मध्येच दोघी हसल्याही. श्यामकांतराव गज धरून उभे होते. आत जायचं तर आपणही ठाण्याला येतो की नाही, याचं उत्तर घेऊन जायला हवं होतं.