उचललेला बेलभंडार

वाफे भिजवून तयार होते, रोप उपटून बांधावर पडलं होतं, आणि कांदे लावायला बाई एकच. तीही भिकाचीच बायको, झुंबरबाई. येवल्याच्या त्या अंगाला लागणीत सावड चालते. आज तुझ्यात, उद्या माझ्यात. पण भिकाच्या वावरात वर्षभर कुत्रं फिरकलं नव्हतं.

कारणही तसंच. बांधावरून भांडण झालं आणि त्यानं चुलतभावजय लंकाबाईच्या कांदाचाळीत गुपचूप युरिया फेकला. अख्खी चाळ नासली. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, तसं भिकानं खंडोबापुढं बेलभंडार उचलून शपथ घेतली. गावाचा विश्वास बसला नाही. बायकोचा बसला.

अन् आज लंकाबाईच चार बाया घेऊन वाफ्यात उतरली.

"भाऊजी, रोप द्या इकडं."

भिकानं रोपाची जुडी पुढं केली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"वहिनी, तुम्ही? माझ्यात?"

"वरीसभर डोळ्याला डोळा नाय माझ्या. तालुक्याच्या दवाखान्यात मनाची डॉक्टरीण बसती. ती म्हनली, ज्यानं केलं त्याला माफ करा. त्यानं बरं केलं असं नाय म्हनायचं, पर त्याला छातीवर घेऊन हिंडायचं नाय. लय दिवस जमंना. आज जमलं. माफ केलं तुम्हाला."

झुंबरबाई ताडकन उठली. "माफी कशाची? माझ्या मालकानं बेलभंडार उचललाय! त्यांच्यापायी मी समद्या गावाशी भांडले, सख्ख्या भावाला दारातून माघारी लावला!"

भिकाला मान वर करवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता गप्प बसलं तर ही बिचारी जन्मभर आपल्यासाठी भांडत राहणार.

"झुंबरे, गप," तो म्हणाला. "म्याच टाकला युरिया."

बायांचे हात थांबलेसुद्धा नाहीत. त्यांना त्यात नवं ते काय! थांबली एकटी झुंबरबाई. तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं की भिकाला वाटलं, ही जमीन दुभंगेल तर बरं. ज्या बाईचं वाटोळं केलं तिची माफी पदरात पडली होती, आणि घरच्या बाईपुढं उभं राहायला त्याला तोंड नव्हतं.

झुंबरबाई लंकाबाईच्या शेजारी जाऊन बसली. चिखलात चार रोपं टोचली.

"आक्का," ती खालमानेनं म्हणाली, "ती डॉक्टरीण कोणत्या वारी बसती?"