पहिला अर्धा तास

कल्याणच्या कोर्टात रवींद्र वकिलांना ओळखत नाही असा पट्टेवाला सापडायचा नाही. आणि त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला तो सिनेमा ठाऊक होता, कारण साहेब तो ऐकवल्याशिवाय कोणाला सोडतच नसत. पुढे देशाचा कारभार हाकणारा एक पुढारी तरुणपणी वकील होता, त्याच्या पहिल्या खटल्याचा जुना कृष्णधवल सिनेमा. उलटतपासणीत तो खोट्या साक्षीदाराला असा कोंडीत पकडतो की सगळं कोर्ट उभं राहतं. ते पाहूनच रवींद्रनी काळा कोट घालायचं ठरवलं होतं.

कॉलेजात असताना त्यांनी तो कितीतरी रविवार पाहिला, सकाळच्या स्वस्त खेळाला, आणि दर वेळी उशिरा पोचून. रविवारी विहारात वंदना असायची आणि वडील ती चुकवू देत नसत. शेवटचं ‘साधू, साधू’ झालं की चिरंजीव चपला हातात घेऊन थिएटरकडे पळायचे, तरी अर्धा तास गेलेलाच असायचा. त्याची त्यांना कधी रुखरुख लागली नाही. सुरुवातीला असून असून काय असणार, गरिबी आणि कंदिलाखालचा अभ्यास! ते तर घरचंच होतं.

यंदा त्यांच्या मुलीला, पायलला, वकिलीची सनद मिळाली. तिने टीव्हीवर तो सिनेमा शोधून काढला.

“पप्पा, आज पहिल्यापासून बघायचा हं.”

पडद्यावर नवख्या वकिलाची भाड्याची खोली. कुंपणावरून भांडणारे दोन चुलतभाऊ येतात. वकिलाच्या खिशात दमडी नाही, तरी तो दोघांना एकाच बाकावर बसवतो, तासभर ऐकून घेतो आणि भांडण मिटवून घरी धाडतो. ती त्याची पहिली केस. कोर्टाची पायरी तो नंतर चढतो.

“अरेच्चा, हे कधी होतं?” रवींद्र पुटपुटले. पुढे ती गाजलेली उलटतपासणी आली, पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांना बाळकुमचा राघो आठवला होता, त्यांचा पहिला पक्षकार. घरामागच्या विहिरीची वाट कोणाची, यावरून त्याचं धाकट्या भावाशी, सखारामशी वाजलं होतं. राघो बिचकत म्हणाला होता, मिटवता येईल का? त्यावर तरुण वकिलाने टेबलावर हात आपटला होता, “मिटवायचं कशाला? सत्य तुझ्या बाजूला आहे!”

खटला वर्षानुवर्षं चालला. राघो जिंकला. सखाराम बायकोच्या गावी निघून गेला, तिकडेच वारला, आणि राघोला कोणी कळवलंसुद्धा नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण इथे राघो खालच्या पायरीवर घुटमळत होता आणि हाताला धरून वर ओढणारे आपण होतो, हे रवींद्रना आज पहिल्यांदा दिसलं, आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते बाळकुमला गेले. राघो आता तिथल्याच टॉवरमध्ये राहायचा. विहिरीच्या जागी खाली पार्किंग झालं होतं.

“वकीलसाहेब आले! चाय ठेव गो!” त्याने सुनेला हाक मारली.

“राघो, तेव्हा मिटवायला हवं होतं रे,” रवींद्र म्हणाले. “चुकलं माझं.”

“तुमचं कसलं चुकतंय! तुम्ही तर जिंकून दिलं.” राघो खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सखाराम पण आलेला त्या दिवशी.”

“कुठे?”

“तुमच्या ऑफिसखाली, चहाच्या टपरीवर. आम्ही दोघं एकाच रिक्षातून आलेलो. त्याला बोललो, तू बस, वकील मिटवतो बोलले की वरून हाक मारतो.”

“मग?”

“मग तुम्ही बोललात लढायचं. त्याला काय तोंड दाखवणार? मी मागच्या जिन्याने उतरलो.” राघोने उपरण्याने डोळे पुसले. “तो किती वेळ वर बघत बसला असेल, साहेब?”