पीठ होऊन न आलेलं

"दम धर गं बाई, जातं काय पळून चाललंय?"

दळताना माय हेच म्हणायची. माय गेली, माहूरजवळच्या त्या घरातलं जातंही कुठं गेलं देवाला ठाऊक. पण उमरीच्या सासरघरी भाकरी थापताना साखराबाईंचा हात घाईला आला, की तो आवाज अजून मनगट धरायचा.

त्या सकाळी मात्र हात थबकला तो दुसऱ्याच आवाजानं. न्हाणीपाशी भांडी घासता घासता सून शिल्पा गुणगुणत होती.

*दाण्यामागं दाणा, जात्याच्या गं तोंडी जाई*
*माझ्या मनातलं, पीठ होऊन येत न्हाई*

तव्यावरची भाकर करपली. ही ओवी साखराबाईंनी स्वतः जोडलेली, नव्या नवरीपणी माहेराला गेल्या तेव्हा. या घरात त्यांनी ती कधी ओठावर येऊ दिली नव्हती. मग लातूरहून आलेल्या या पोरीला ती दिली कुणी? माहेरी कुणाला गाठलं हिनं? आणखी काय काय काढून घेतलं?

संशय भुंग्यासारखा असतो. एकदा वाशात शिरला की कुरतडतच राहतो.

शिल्पा दुपारी गावच्या वाचनालयात काम करायची. दारातल्या फळ्यावर बातम्यांखाली रोज एका वेबसाइटचा पत्ता लिहायची आणि खाली आपली एक ओळ. 'आज डोक्यावर कोणती चांदणी येणार, ते इथं बघा.' 'इथं पाखरांचे आवाज आहेत. ससाण्याचा आवाज कोंबड्यांजवळ लावू नका.' पोरं पत्ते तळहातावर उतरवून न्यायची. पायरीवर पेपर वाचणाऱ्या किशनरावांना मात्र ते खपत नव्हतं. "वहिनी, सूनबाईला आवरा," ते म्हणाले होते, "असल्या पत्त्यावर बोट टेकलं की घरातलं समदं बाहेर जातंय म्हणं." तेव्हा साखराबाई हसल्या होत्या. आता ते बोलणं कुसळासारखं टोचायला लागलं.

दुपारी त्या तडक वाचनालयात गेल्या. फळ्यावर लिहिलं होतं, 'जात्यावरच्या ओव्या. शोधा, तुमच्या आजीचाही आवाज इथं असेल.'

"शिल्पे, काय करून राहिली तू हे?"

"आत्याबाई! या की, बसा."

"बसाया न्हाई आले. फळा पूस अन् उद्यापासून घरी ऱ्हा."

"बराबर हाय," पेपरामागून किशनराव.

शिल्पानं फडकं उचललं, पण फळ्याला लावलं नाही. "पुसते. आधी एवढं ऐका." तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं.

जात्याची घरघर आली. मग एक कोवळा गळा, आणि तीच ओवी. दुसऱ्या ओळीवर तो गळा जरा घाईला आला, तसं मागून कुणी म्हणालं, "दम धर गं बाई, जातं काय पळून चाललंय?"

साखराबाईंनी बाकाची कड धरली. माय! मनातली नव्हे, बाहेरची.

त्या वर्षी चैतात माहेरी ओव्या टेप करून न्यायला आलेल्या दोघी बाया त्यांना आठवल्या. कॉम्प्युटरमधून आता त्यातलीच एक विचारत होती, "नाव काय हो ताई?" आणि तो कोवळा गळा म्हणाला, "नगं. नाव नका लिहू. सासरी कळलं तर म्हणतील, काय कमी हाय हिला आमच्यात."

घरघर थांबली. पडद्यावर अक्षरं होती, शिल्पानं ती वाचून दाखवली. "गायिकेचं नाव माहीत नाही. आवाज ओळखीचा असल्यास कळवा." मग साळसूदपणे विचारलं, "कोण असंल हो?"

"तुला काय वाटतंय?"

"मला काय कळतंय! तिसरी भाकर वाढली की तुम्ही असंच 'नगं' म्हणता, एवढंच. म्हणून आज मुद्दाम गुणगुणून बघितलं."

"म्हंजी सापळा लावला व्हय गं?"

"हाव," शिल्पा म्हणाली, "अन् भाकर करपली बी."

किशनरावांचा पेपर खाली आला. "कोण हाय म्हणं ती बाई?"

यांच्या कानावर गेलं की सांजेपर्यंत ते अख्ख्या उमरीत होणार, घरधन्यापर्यंत पोचणार. साखराबाईंच्या ओठांवर तेच जुनं 'नगं' आलं. पण भ्यायचं तरी कुणाला? त्या घरात सासू आता त्याच होत्या.

"पुन्यांदा लाव," त्या म्हणाल्या.

माय पुन्हा बोलली. साखराबाईंनी दम घेतला, आणि किशनरावांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"फळा ऱ्हाऊ दे. तिथं गायिकेच्या नावापुढं लिही, साखरा. ओवी माझी हाय. अन् मागं बोलती ना, ती माझी माय."