दहाव्याची चिठ्ठी

माझी बायको सिंधू गेली आणि दहाव्या दिवशी आमचे नेते झुंबरनाना घाटावर आले. ती तीन महिने खाटेवर होती तेव्हा त्यांना वेळ नव्हता. नानांचं गणित सरळ आहे. आजाऱ्याला भेटायला गेलं तर एका घराला कळतं, दशक्रियेला गेलं तर चार गावांना कळतं.

हे मी रागाने लिहीत नाही. ही पद्धत बसवण्यात माझाही हात आहे. सत्तावीस वर्षं मी नानांचा आमच्या भागातला माणूस. नामपूरच्या आसपास कोणी वारलं की मी माहिती काढायची आणि दहाव्याला नाना गाडीतून उतरले की त्यांच्या हातात चिठ्ठी द्यायची. मयताचं नाव, वय, आजार, मुलं किती, जावई कुठले. नाना एक नजर टाकत आणि माइकवर असं बोलत, की घरच्यांना वाटावं हे रोज आपल्याकडे चहाला होते. बाई असेल तर कष्टाळू, धार्मिक, मनमिळाऊ. पुरुष असेल तर कष्टाळू, धार्मिक, परखड. हे शब्दही मीच काढून दिलेले.

या चिठ्ठ्यांवर नाना बाजार समितीतून जिल्हा परिषदेत गेले आणि तिथून आमदार झाले. सटाण्याचं भाड्याचं घर सुटलं, नाशिकला इंदिरानगरात बंगला झाला. पक्ष चार झाले. प्रत्येक वेळी विचार तोच आहे असं ते सांगत आणि मी टाळ्या वाजवी. उरलेले झेंडे मी घरी आणायचो. सिंधूने त्या चारही पक्षांच्या झेंड्यांची एक गोधडी शिवली. चौघे एकत्र नांदल्याचं मी पाहिलेलं तेवढंच उदाहरण.

तिची एकच तक्रार होती. बाहेरच्या खोलीत नानांचा मोठा फोटो होता, माझ्या खांद्यावर हात ठेवलेला. खाट त्या खोलीत आणली तसा तो बरोबर तिच्या समोर आला.

"सकाळी डोळा उघडला की हाच बाबा दिसतो," ती म्हणायची. "तेवढा काढा."

मी म्हणायचो, नाना तुला बघायला येतील, फोटो दिसला नाही तर त्यांना काय वाटेल? शिवाय आमचा दिनेश नानांच्याच शाळेत शिपाई. सहा वर्षं झाली, अजून कायम नाही. शेवटी शेवटी ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडायची.

दहाव्याला सकाळी आम्ही नदीकाठच्या शेडमध्ये जमलो. शेड आमदार निधीतली, म्हणून कोणीही मेलं तरी वर नाव नानांचं. गुरुजींना थांबवून ठेवलं होतं. साडेनऊला तीन गाड्या हॉर्न वाजवत आल्या आणि काठावरचे सगळे कावळे उडून पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसले.

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, फोटोत ठेवलाय तसाच. दुसरा हात सवयीने पुढे केला. माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. ते कानाशी वाकले.

"गोरक्ष, वहिनींचं नाव काय रे?"

सत्तावीस वर्षं त्यांनी तिच्या हातची भाकरी खाल्ली होती. मी नाव सांगितलं. सवयीने वयही सांगितलं.

नाना माइकवर बोलले. सिंधुबाई कष्टाळू होत्या, धार्मिक होत्या, मनमिळाऊ होत्या. सिंधू मनमिळाऊ कधीच नव्हती. अर्ध्या गल्लीशी तिचं बोलणं नव्हतं. ती परखड होती. तो शब्द मी पुरुषांसाठी राखून ठेवला होता.

मग पिंड दगडावर ठेवला. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवला की जीव सुटला असं धरतात. नाही शिवला तर काही मागे राहिलंय असं समजायचं आणि घरच्यांनी हात जोडून मोठ्याने सांगायचं, तुझं अमुक करतो. दिनेशने सांगितलं, आबांना सांभाळतो. सून निकिता म्हणाली, तुमच्या शेळ्या विकणार नाही. कावळा आला नाही. तेव्हा नाना पुढे झाले आणि वहिनींच्या नावाने गावात सभामंडप बांधतो, असा शब्द त्यांनी दिला. कावळे बाभळीवरून हलले नाहीत. मागच्या तीन निवडणुकांत नानांनी असेच शब्द दिले तेव्हाही ते तिथेच होते.

गुरुजी म्हणाले, ऊन चढलं, दर्भाचा कावळा करून उरकू. नानांनी घड्याळ पाहिलं. त्यांना अजून दोन दहावे होते. मला मात्र सिंधूला गवताच्या कावळ्यावर पाठवायचं नव्हतं.

सिंधूची धाकटी बहीण तानुबाई माझ्याजवळ आली. "दाजी, तिना जीव कशामा अडकेल शे, ते तुम्हले माहीत शे."

माहीत होतं. पण डावीकडे नाना उभे होते आणि उजवीकडे दिनेश. मी हात जोडले.

"सिंधू, तो नानांचा फोटो काढतो. आज घरी गेल्या गेल्या काढतो."

नानांचं हसू बॅनरवरच्यासारखं तसंच राहिलं. बाभळीवरून एक कावळा उठला, सरळ पिंडावर आला आणि भाताचा घास घेऊन गेला. हॉर्न थांबले होते, त्याला भूक लागली असेल. असेलही. मी दहा दिवसांत पहिल्यांदा रडलो.

नानांनी माइक घेतला. "पाहिलंत? सभामंडपाचा शब्द वहिनींपर्यंत पोचला." मागच्या चार-दोन जणांनी दशक्रियेत टाळ्या वाजवल्या. त्यांना दोष देत नाही, ते मीच शिकवलेले आहेत.

घरी आल्यावर दिनेशने स्वतःच स्टूल ओढलं. मी नोकरीचं काढलं तर म्हणाला, "आबा, कायम करायचं असतं तर सहा वर्षांत केलं असतं." फोटो उतरला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आणि तिच्या रिकाम्या खाटेसमोर तोच आता दिसतो.

तीन दिवसांनी नानांचा पीए हर्षल याचा फोन आला. फोटोचा विषय त्याने काढला नाही. सभामंडपाच्या फलकासाठी वहिनींची माहिती हवी होती. मी नाव सांगितलं, वय सांगितलं आणि पुढे परखड असं लिही म्हणालो.

"काका, बाईला मनमिळाऊ असतं ना?"

मी म्हणालो, परखड लिही, नाहीतर मंडप बांधू नका. मंडप ते तसाही बांधणार नाहीत. पण तो शब्द मी त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला.