थोरलीचं मनगट

थोरलीनं झाकण सारलं आणि डावं मनगट उकळत्या पातेल्यावर धरलं. चटका बसला तरी हात मागं घेतला नाही. घड्याळाची काच धुरकटली, पट्टा ओला झाला. फडक्याला हात पुसून तिनं काटा पाहिला. चालू होता. मग तिनं हात पुन्हा वाफेत नेला.

आपण काही वावगं करत नाही, असं तिचं तिला म्हणणं होतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाताला वाफ लागणारच. फक्त एरवी ती ढवळून बाजूला व्हायची आणि हल्ली थांबून राहायची, एवढंच.

त्या घरात घड्याळं व्हायची. सुतारांकडे उरलेले लाकडाचे तुकडे आणून सासरे आणि त्यांचे दोघे मुलगे घड्याळाच्या डब्या कोरत. मोडीत निघालेल्या घड्याळांची यंत्रं साफ करून आत बसवत. लोकांनी टाकून दिलेल्या कपड्यांचे पट्टे थोरली शिवायची. लाकूड पुरुषांचं आणि कापड तिचं, अशी वाटणी कुणी न ठरवता झाली होती. घरची रीत अशी की नव्या धाटणीचं घड्याळ आधी महिनाभर थोरलीनं हातात घालायचं. भांडी घासताना, धुणं बडवताना, झोपताना, काढायचं म्हणून नाही. महिना झाला की टिकलं की नाही ते ती सांगणार, आणि घालणारीचा शब्द शेवटचा. सासरे गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत, "हिच्या हातात जे टिकलं, ते विहिरीत पडलं तरी चालेल." थोरली तोंडानं "चला, काहीतरीच" म्हणायची, पण ते वाक्य ऐकायला दाराआड थांबायची.

मग धाकटी जाऊ घरात आली. पहिले काही महिने तिनं भुसा झाडला, माणसं पारखली. एक दिवस थोरलीच्या शिलाई मशीनखाली पडलेल्या जुन्या जीनच्या चिंध्यांकडे बोट दाखवून तिनं विचारलं, घेऊ का. पुसायला हव्या असतील म्हणून थोरली घे म्हणाली. धाकटीनं त्या चिंध्या सारख्या कापल्या, गोंदात बुडवून एकावर एक रचल्या आणि शिकंज्यात आवळून ठेवल्या. वाळल्यावर विटेसारखा घट्ट ठोकळा निघाला. तो कोरून, घासून तिनं डबी केली. निळ्या रंगात पांढुरक्या रेघा, झाडाच्या खोडात असतात तशा.

सासऱ्यांनी ती डबी दिव्याखाली धरून किती तरी वेळ फिरवली. मग म्हणाले, "लाकडाची गरजच संपली की."

थोरली तेव्हा दारात उभी होती. इतक्या वर्षांत तिचा एकही पट्टा त्यांनी दिव्याखाली धरला नव्हता. आणि चिंध्या तर तिच्याच होत्या.

घड्याळ तयार झालं तेव्हा धाकटीनं स्वतः ते तिच्या मनगटावर बांधलं. थोरलीनं डबीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि तिला कळायचं ते कळलं. सगळे थर उभ्या धाग्याचेच होते. कापड उभ्या धाग्यात जास्त आटतं. सगळी ओढ एकाच बाजूला गेली, तर ओल लागल्यावर कुठंतरी सुटणारच. मधले थर आडवे टाकायला हवे होते. शिवणारी कुठलीही बाई हे सांगेल.

थोरलीनं सांगितलं नाही. "छान झालंय हं," एवढंच म्हणाली.

जुन्यातून नवं करणाऱ्यांचं एक मोठं प्रदर्शन भरायचं. प्रत्येक घराला एक टेबल आणि टेबलावर एकच वस्तू. गेल्या खेपेला थोरलीच्या गोफ विणलेल्या पट्ट्याचं घड्याळ गेलं होतं. पट्टा कुणी केला, असं परक्या माणसांनी तिला विचारलं होतं आणि 'मी' हा शब्द तिनं त्या दिवशी पोटभर वापरला होता. या खेपेला धाकटीचं न्यायचं, असं जेवताखाता बोललं जाऊ लागलं. फक्त महिना पार पडायचा होता.

म्हणून वाफ. म्हणून साबणाचं पाणी, नळाच्या तोटीवर जाता येता बसणारा हात, आणि दुपारी अंगणातल्या उन्हात मुद्दाम उताणं ठेवलेलं मनगट. एकदा नवरा म्हणाला, "अगं, हात आहे का हातोडा?" तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

महिना भरत आला असताना एका सकाळी डबीच्या डाव्या कडेला केसाएवढी फट दिसली. नख आत गेलं. थोरलीनं बाही खाली ओढली. त्या दिवशी तिनं गुणगुणत भाजी चिरली. काय बोलायचं ते तिनं मनात घोळवून ठेवलं. आवाज जरा उतरलेला ठेवायचा, वाईट वाटल्यासारखा. "मामंजी, मला सांगायला जड जातंय, पण थर सुटला." हे वाक्य तिनं गुळाच्या खड्यासारखं गालात धरून ठेवलं.

शेवटच्या दिवशी सगळे जेवायला बसले. ती वाढत होती. सासऱ्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "हं, मग काय म्हणतंय घड्याळ?"

थोरलीनं पातेलं खाली ठेवलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटी घास गिळत म्हणाली, "माझं काही टिकलं नाही, मामंजी. डावीकडे सुटलंय. ताईंचंच जाऊ दे या खेपेला."

मीठ मागावं तसं ती बोलली. सासरे बरं म्हणाले. धाकट्या दिरानं बायकोला हळूच चिडवलं, ती हसली आणि बोलणं दुसरीकडे वळलं. थोरली पळी हातात धरून उभी राहिली. हवं होतं ते मिळालं होतं, आणि मिळाल्यासारखं वाटत नव्हतं.

दुपारी ती मशीनवर बसली होती, तेव्हा धाकटी आली. तिच्या हातात एक नवं घड्याळ होतं, डबी तशीच निळी.

"तुला कसं कळलं?" थोरलीनं मान वर न करता विचारलं.

"तुम्ही वाढता ना. वाढताना बाही वर जाते."

"मग तेव्हाच बोलायचंस."

"बोलले असते, तर तुम्ही जपून वापरलं असतं." धाकटी स्टुलावर टेकली. "पहिल्या दिवशी तुम्ही नख फिरवलंत आणि हसलात. थोडंसंच, या कोपऱ्यात. तेव्हाच समजले, कुठंतरी चुकलंय. काय चुकलंय ते कळायला मात्र बरेच दिवस गेले. शेवटी तुमचे दोन पट्टे उसवून बघितले. आतलं अस्तर तुम्ही आडवं घेता."

थोरलीचा पाय मशीनवरून उतरला. "माझे पट्टे उसवलेस?"

"परत शिवले. कुठले ते ओळखा बघू."

थोरलीनं भिंतीवर टांगलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. एकेकावरून नजर फिरवली, पुन्हा पहिल्यापासून फिरवली. तिला ओळखता आले नाहीत.

धाकटीनं तिचा डावा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. जुनं घड्याळ सोडलं. खाली कातडीवर पांढुरका पट्टा उमटला होता, आणि वर मनगटाशी भाजल्याचा लाल डाग. डागावर बोट जरासं थांबलं. नवं घड्याळ तिनं त्याच पांढुरक्या जागेवर बांधलं, जुन्याहून एक भोक सैल.

"फिरवा नख," ती म्हणाली.

थोरलीनं अंगठ्याचं नख कडेला लावलं आणि सावकाश फिरवत नेलं. उभा, आडवा, उभा, आडवा. नख कुठंच अडलं नाही. तिनं उलट्या बाजूनं फिरवून पाहिलं. धाकटी घड्याळाकडे बघतच नव्हती. ती थोरलीच्या ओठांच्या त्या कोपऱ्याकडे बघत होती.

तो कोपरा हलला नाही. उलट ओठ घट्ट मिटत गेले.

ते बघून धाकटी हसली आणि शिकंज्याकडे निघून गेली.