शॉकअपची जोडी

"त्या स्टुलावर बसू नका, एक पाय निखळलाय त्याचा," हितेंद्र म्हणाला.

स्टुलाचे चारही पाय ठणठणीत होते. स्टूल हितेंद्रचं होतं, अडचण एवढीच होती. राजेशने ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, "काय नाय झालेलं रे याला," म्हणाला आणि ऐसपैस बसला. त्याच्यासमोर लाकडी ठोकळ्यांवर एक बीच बाइक उभी होती. अलिबागकडच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवतात ती, चार जाड चाकांची. तिची पुढची दोन्ही चाकं काढून ठेवली होती आणि धक्के झेलणाऱ्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळून खालच्या फरशीवर डाग पडला होता.

"ऑस्सी, मस्कतला आमच्याकडे असल्या गाड्यांची लाइन होती. वाळूत पुढचे शॉकअपच पहिले जातात," राजेश म्हणाला.

"मग बघ ना जरा. तुला माहितीय ते," ऑस्वाल्ड म्हणाला.

हितेंद्रच्या हातातला पाना खाली पडला. पडला म्हणजे त्याने पाडला. कोणी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

घोडपदेवच्या त्या गल्लीत, गोदामाच्या भिंतीला टेकून उभं असलेलं हे पत्र्याचं गॅरेज ऑस्वाल्डचं. काळाचौकीच्या चाळीतला हितेंद्र इथे आला तेव्हा त्याला मिशी नीट फुटायची होती, आता ती पिकायला लागली होती. स्कूटर, मोटारसायकली हे रोजचं काम. पण मांडव्याहून गाड्या घेऊन येणारी बोट भाऊच्या धक्क्याला लागायला लागली, तेव्हापासून नागावच्या मनालीने आपल्या बीच बाइक टेम्पोत घालून इथेच आणायला सुरुवात केली. धक्का जवळ, आणि ऑस्वाल्डचं काम चोख. ऑस्वाल्डचं म्हणजे ऑस्वाल्ड आणि हितेंद्र दोघांचं, असं हितेंद्र धरून चालला होता.

आणि मग महिन्यापूर्वी हा राजेश उगवला. ऑस्वाल्डचा माझगावातला लहानपणचा दोस्त. गॅरेज दोघांनी मिळून काढलं, आणि वर्षा-दोन वर्षांत हा मस्कतला पळाला. आता केस काळे करून परत आला होता. घरी सुनेला त्याची बडबड सोसेना, म्हणून सकाळी चहा झाला की इथे हजर. काम काही नाही, नुसता बसायचा. ऑस्वाल्डला सगळं जग अंकल म्हणत होतं, हितेंद्रही म्हणत होता. हा एकटा ऑस्सी म्हणायचा. ऑस्वाल्डच्या बायकोच्या, जसिंताबाईंच्या डब्यात बोंबील असले की पहिला तुकडा आता याच्या पानात पडायचा. हितेंद्रला मिळत नव्हता असं नाही, पण दुसरा मिळायचा. आणि दुसरा बोंबील घशाखाली उतरत नाही हे त्याला या वयात कळलं.

"तुला कोण काढतंय का तिथून?" त्याची बायको दर्शना वैतागून म्हणाली होती.

"काढत नाय गं. सरकवतायत."

"मग तू सरकू नको."

बोलायला काय जातं! हितेंद्र जळत होता, आणि आपण जळतोय हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण कळलं म्हणून जळणं थांबत नाही.

मनालीच्या गाडीचे कंपनीचे शॉकअप परदेशातून मागवायचे, तर ते यायला दोन-तीन महिने. सीझन तर आताच सुरू झालेला. तेव्हा कुर्ल्याच्या भंगार बाजारात दुसऱ्या कंपन्यांचे, कुठल्या तरी शर्यतीच्या गाडीचे वापरलेले शॉकअप मिळतात, त्यातून जोडी जमवायची असं ठरलं. जमवायची म्हणजे काय ते सांगतो. लांबी जुन्याएवढीच हवी, नाहीतर हँडल पूर्ण वळवलं की स्प्रिंग टायरला घासते. बोल्ट जातो ती बुशची भोकं तीच हवीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दोन्हींचा जीव सारखा हवा. तो बघायची ऑस्वाल्डची स्वतःची रीत होती. स्प्रिंगा काढायच्या, दोन शॉकअप शेजारी शेजारी उभे धरायचे, एक याने, एक त्याने. दोघांनी तळव्याने तळाला दाबायचे आणि एकदम सोडायचे. बरोबरीने वर आले तर जोडी. एक रेंगाळला तर ती भंगारात परत. हे काम दोघांचंच. आणि आजवर ते दोघे म्हणजे ऑस्वाल्ड आणि हितेंद्र.

कुर्ल्याला ऑस्वाल्डने हितेंद्र आणि राजेश दोघांना मिळून पाठवलं. तिथे ढिगातून राजेशने एक लाल स्प्रिंगचा आणि एक पिवळ्या स्प्रिंगचा शॉकअप उचलला. कंपन्याही वेगळ्या.

"मापं बघ. एकदम सेम," तो म्हणाला.

"एक लाल, एक पिवळा? गिऱ्हाईक हसेल आपल्याला," हितेंद्र म्हणाला आणि त्याने दुसरीकडून निळ्या स्प्रिंगचे दोन काढले. एकाच कंपनीचे, एकाच गाडीचे, जुळ्या भावांसारखे. राजेशने खांदे उडवले. "दोन्ही जोड्या नेऊ. तिकडं दाबून बघू, नको ती परत देऊ."

गॅरेजवर आले तेव्हा ऑस्वाल्ड जसिंताबाईंबरोबर स्वतःचे डोळे दाखवायला परळला डॉक्टरकडे गेला होता. त्यात मनालीचा फोन. संध्याकाळची बोट पकडायची आहे, उद्या रविवार, गाडी किनाऱ्यावर पाहिजेच. हितेंद्रने निळ्या जोडीच्या स्प्रिंगा काढल्या. एक शॉकअप आत टेबलावर होता, दुसरा बाहेर पत्र्यावर उन्हात राहिला होता.

"आण इकडं, एक मी धरतो," राजेश उठत म्हणाला.

"नको. ते मी अंकलबरोबर करतो."

"अरे, ऑस्सी कधी येणार? दाबायचंच तर आहे."

"अंकलबरोबर करतो म्हटलं ना."

राजेश त्याच्याकडे क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "बरं बाबा. मी वडापाव खाऊन येतो," आणि निघून गेला.

अंकल काही लवकर येईनात. मनालीचा पुन्हा फोन आला. तेव्हा हितेंद्रने एकट्यानेच दाबून बघितले. आधी टेबलावरचा, मग उन्हातला. मनात अंदाज धरला. सारखेच वाटले. वाटणारच होते, कारण ते सारखे निघावेत अशी त्याची फार इच्छा होती. त्याने स्प्रिंगा चढवल्या, निळी जोडी गाडीला बसवली. काय देखणी दिसत होती गाडी! मनाली टेम्पो घेऊन आली, खूश होऊन गेली. मागोमाग ऑस्वाल्ड आला. डोळ्यात औषध घातल्यामुळे तो मिचमिच करत होता.

"झालं? गेली?" त्याने विचारलं. "तू केलंस ना, मग बघायला नको."

हे वाक्य हितेंद्रने राजेशकडे बघत ऐकलं. राजेश वडापावच्या कागदाला हात पुसत होता. हितेंद्रला फार बरं वाटलं.

तासाभरात टेम्पो परत दारात उभा राहिला आणि मनाली उडी मारून उतरली.

"अंकल, हे काय दिलंय तुम्ही? धक्क्यावर मोकळ्या जागेत उतरवून एक राउंड मारला मी. ब्रेक लावला की डावीकडे बसते आणि उठायचं नावच घेत नाही. मागे कोणाचं पोर बसवू मी यावर? बोट पण गेली. आता शीवला मावशीकडे राहायचं आणि सकाळची पहिली पकडायची."

ऑस्वाल्डने वाकून डाव्या शॉकअपवर हात ठेवला. वरून भार देऊन सोडला. गाडी सावकाश वर आली, म्हातारं माणूस खुर्चीतून उठतं तशी.

"गॅस गेलेला आहे यातला," तो म्हणाला. "उन्हात होता का हा? ऊन लागलं की तेल पातळ होतं, गॅस फुगतो, मेलेला पण जिवंत वाटतो. पण शेजारी धरून सोडला की कळतोच ना. दोघांनी दाबून बघितला नाय?"

हितेंद्रच्या तोंडून निघून गेलं, "बघितला. मी आणि राजेशभाईंनी."

हितेंद्र चाकाच्या नटांकडे बघत राहिला. आता हा माणूस तोंड उघडणार, आणि आपलं इथलं सगळं संपणार. राजेशने स्टुलावरच्या स्टुलावर मांडी बदलली.

"माझा हात आधी सुटला असेल, ऑस्सी," तो म्हणाला. "लक्षात नाय आलं."

आणि ऑस्वाल्ड फुटला.

"हात सुटला? साल्या राज्या, तुझा हात कधी धड होता रे? बेअक्कल! मस्कतला काय उंटाला तेलपाणी करत होतास? गाढवा, ती पोरगी मागं लोकांची मुलं बसवते! निव्वळ खायला येतोस इथं, माझ्या बायकोचे बोंबील हादडायला!"

"तुझ्या बायकोचे बोंबील खारट असतात," राजेश म्हणाला.

"खारट? हलकटा, काल चार खाल्लेस!"

"तुला काल दिसत होतं कुठं, म्हणून तर आज डोळ्यात औषध घातलंय ना? चारच दिसले काय?"

मनाली हसायला लागली. ऑस्वाल्डही शिव्या देता देता हसत होता. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि तो एकदम वीस वर्षांनी लहान दिसत होता. हितेंद्रने त्याला असा कधी पाहिलाच नव्हता. राजेशची चांगली खरडपट्टी निघावी असं त्याला महिनाभर वाटत होतं. आता ती डोळ्यांदेखत निघत होती, आणि त्याच्या छातीत जळत होतं ते आधीपेक्षा जास्त. इतक्या वर्षांत अंकलनी आपल्याला एक वाकडा शब्द बोललेला नाही, हे तो चाळीत अभिमानाने सांगायचा. एकदा त्याच्या हातून अख्खं इंजिन जाम झालं होतं, तेव्हाही अंकल म्हणाले होते, "असू दे, हितेंद्र. होतं." त्याला चाळीत सगळे हित्या म्हणत. इथे तो पहिल्या दिवसापासून हितेंद्र होता.

"ऊठ! इकडे ये, तुला परत पहिलीपासून शिकवतो," ऑस्वाल्ड राजेशला म्हणाला. "ती दुसरी जोडी आण."

लाल आणि पिवळ्याच्या स्प्रिंगा हितेंद्रनेच काढून दिल्या. दोघे म्हातारे समोरासमोर बसले, एकाने एक धरला, दुसऱ्याने दुसरा. ऑस्वाल्डला गुडघा दुखत असल्याने नीट बसता येत नव्हतं, म्हणून राजेशने मोकळ्या हाताने त्याचं कोपर धरलं होतं. दोघांनी दाबलं आणि सोडलं. दोन्ही दांडे बरोबरीने वर आले, एका रेषेत.

"बघ," ऑस्वाल्ड म्हणाला.

"मी कुर्ल्यातच बघितलेलं," राजेश म्हणाला. एवढंच म्हणाला.

हितेंद्रने ती जोडी गाडीला चढवली. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून स्प्रिंग टायरला लागत नाही ना ते पाहिलं, बोल्ट कसले, पुन्हा कसले. मनालीने गल्लीत दोन चकरा मारल्या, गतिरोधकावरून मुद्दाम जोरात नेली. "आता कशी शहाण्यासारखी चालतेय," म्हणाली. एक लाल, एक पिवळा, याबद्दल ती अक्षरानेही बोलली नाही. टेम्पो शीवच्या दिशेने गेला.

ऑस्वाल्ड हात धूत होता. हितेंद्र त्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

"अंकल, ते मघाशी मी खोटं बोललो. राजेशभाईंनी हात पण लावला नव्हता. ते धरतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. मी एकट्यानेच दाबून बघितला."

ऑस्वाल्डने नळ बंद केला. हितेंद्र थांबला. माफी मिळावी म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं, आता अंकलचा चेहरा लाल होईल. आता आवाज चढेल, गाढवा म्हणतील, साल्या हित्या म्हणतील, गल्लीतली माणसं डोकावतील. त्याने मान खाली घालून अंगावर घ्यायची तयारी केली होती.

ऑस्वाल्डने टॉवेलला हात पुसले, एक एक बोट करून.

"असू दे, हितेंद्र," तो मऊ आवाजात म्हणाला. "होतं असं कधी कधी. दमला असशील तू."

चहावाला आला. ऑस्वाल्डने एक कटिंग घेतला, अर्धा प्यायला आणि न बघताच ग्लास राजेशच्या हातात दिला. राजेशने उरलेला संपवला. मग ऑस्वाल्ड आत गेला आणि फळीवरचा, पाहुण्यांसाठी ठेवलेला चिनी मातीचा कप काढून घेऊन आला, विसळलेला, बशीसकट. त्यात त्याने चहावाल्याकडून काठोकाठ चहा ओतून घेतला, आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून हितेंद्रपुढे केला.